मोटारीचा अपघात आणि भरपाईचा न्याय

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

मी कायदेपंडित नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक शाळामास्तर आहें. मोटार-अपघातांच्या भरपाईचा जो कांहीं अभ्यास माझ्या हातून झाला, तो ग्रंथालयांत झाला नाहीं. न्यायालयाच्या व्हरांड्यांतील बाकावर, आमच्या दाव्याचा पुकारा होण्याची वाट पाहतां पाहतां झाला. तो अभ्यास मला वेळ निघून गेल्यावर घडला, आणि त्या उशिराची किंमत माझ्या घरांतील एका तरुणानें मोजली. म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचें धाडस करतों.

२०१८ सालच्या पावसाळ्यांतील गोष्ट. माझा पुतण्या धंद्यानें सुतार. वय चौतीस. कामावरून सायकलीनें घरीं परत येत असतां मागून आलेल्या एका टेंपोनें त्याला धडक दिली आणि त्याच्या उजव्या हाताचें मनगट चाकाखालीं सांपडलें. तिसऱ्या दिवशीं टेंपोचे मालक शहाळीं आणि फळें घेऊन दवाखान्यांत आले. बोलणें अत्यंत गोड. “मास्तर, पोरगा माझाच समजा. सगळा खर्च मी बघतों. पोलिसांत मात्र जाऊं नका. ड्रायव्हर गरीब आहे, त्याचें लायसन जाईल.” पंचवीस हजार रुपये त्यांनीं माझ्या हातांत ठेवले आणि एक लहानसा कागद मागितला. घरांत अक्षर माझें चांगलें, म्हणून तो कागद मींच लिहिला : ‘अपघातांत कोणाचीहि चूक नाहीं, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं.’ पुतण्यानें डाव्या हातानें त्यावर वेडीवांकडी सही केली. भांडणतंटा टळला, एक गरीब माणूस वांचला, या समाधानांत मी त्या रात्रीं झोंपलों.

दुसरी शस्त्रक्रिया ठरली तेव्हां मालकांचा फोन लागेनासा झाला. सव्विसाव्या दिवशीं आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पुढें दावा चालला तेव्हां विमा कंपनीच्या वकिलांनीं तोच कागद माझ्यापुढें धरून विचारलें, “हें अक्षर आपलेंच ना?” आयुष्यभर ज्या अक्षराबद्दल शाबासकी मिळाली, त्याची त्या क्षणीं मला लाज वाटली.

त्या कागदानें काय बिघडविलें, हें समजण्यासाठीं प्रथम एक साधा भेद ध्यानांत घ्यावयास हवा. एकाच अपघातांतून दोन वेगळीं प्रकरणें जन्म घेतात. पहिलें फौजदारी : बेदरकारपणें गाडी चालविल्याबद्दल सरकार चालकावर खटला भरतें, आणि तेथें गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. दुसरें भरपाईचें. तें मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालतें, आणि तेथें चालकाला शिक्षा देण्याचा प्रश्न नसतो. जखमी माणसाचें झालेलें नुकसान कोणीं भरून द्यावयाचें, एवढाच प्रश्न असतो. म्हणून तेथील पुराव्याची कसोटीहि सौम्य असते. दोन्ही बाजूंच्या हकिगतींपैकीं अधिक संभवनीय कोणती, इतकें पाहून न्यायाधिकरण निर्णय देतें. फौजदारी न्यायालयांत चालक निर्दोष सुटला, तरी तेवढ्यानें भरपाईचा दावा बुडत नाहीं. रात्रीच्या वेळीं लोंबकळणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला बस लागून अनेक उतारू मेले व जखमी झाले, अशा एका प्रकरणांत १९८० सालीं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीं हें स्पष्ट केलें, आणि तांत्रिक बारकाव्यांत गुंतून आपद्ग्रस्तांना विन्मुख पाठवूं नये, अशी समजहि न्यायाधिकरणांना दिली.

ही व्यवस्था आपल्याकडे एकदम आलेली नाहीं. ब्रिटिश अमदानींत १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. परंतु त्याखालीं मयताच्या वारसांना सामान्य दिवाणी न्यायालयांत दावा लावावा लागे. पुढें १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला आणि रस्त्यावरील परक्या माणसाच्या हानीसाठीं गाडीचा विमा सक्तीचा ठरला. तें प्रकरण प्रत्यक्ष अमलांत आलें १ जुलै १९४६ पासून. स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद १९५६ च्या दुरुस्तीनें झाली. आज जो कायदा चालतो तो १९८८ चा; २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

आतां जबाबदारी कोणाची, हें पाहूं. चूक चालकाची, पण चालक बहुधा पगारी नोकर. त्याच्याकडून लाखांची रक्कम येणार कोठून? म्हणून कायदा असें मानतो कीं, नोकरानें मालकाचें काम करीत असतां केलेल्या चुकीचा भार मालकावर पडतो. आणि मालकाचा भार, त्यानें विमा उतरविला असल्यास, विमा कंपनी उचलते. दाव्यांत चालक, मालक व विमा कंपनी अशा तिघांनाहि सामील करतात तें याचसाठीं.

येथें मालक म्हणजे कोण, यालाहि महत्त्व आहे. परिवहन कार्यालयाच्या दप्तरांत ज्याचें नांव आहे तो मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं पुन्हा एकदां ठरविलें. तेव्हां जुनी मोटार किंवा स्कूटर विकून पैसे घेतले, पण नांव बदलण्याचें राहून गेलें, तर विकत घेणाऱ्यानें केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या दारीं येऊं शकते. आपल्यापैकीं किती जणांनीं ‘करून टाकूं सावकाश’ म्हणून हें काम लांबणीवर टाकलें असेल, तें ज्याचें त्यानें आठवावें.

चूक सिद्ध करणें हें दावेदाराचें काम. तरी कित्येकदां घटनाच इतकी बोलकी असते कीं, साक्षीदाराची उणीव ती स्वतः भरून काढते. १९६० सालीं नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी एक मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि आंतील गृहस्थ मरण पावले. प्रत्यक्ष कसें घडलें हें सांगावयास कोणी उरलें नव्हतें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, नीट चालविलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाहीं. तेव्हां चूक नव्हती हें दाखविण्याचें ओझें आतां समोरच्या पक्षावर आहे.

उलट पक्षीं, जखमी माणसाचीहि कांहीं चूक असेल तर तितक्या प्रमाणांत भरपाई कमी होते. दहा लाखांचें नुकसान झालें आणि त्यांत तीन दशांश दोष जखमीचा ठरला, तर हातीं येतात सात लाख. परंतु दोन गाड्यांची टक्कर होऊन आंत बसलेला निरपराध उतारू जखमी झाला, तर दोन्ही चालकांच्या दोषाची वांटणी त्याच्या माथीं येत नाहीं. संपूर्ण रक्कम दोहोंपैकीं कोणाहि एकाकडून मागण्याचा त्याला अधिकार आहे. तसा निर्णय २०१५ सालीं झालेला आहे.

आतां पुराव्याकडे वळतों, कारण आमचें घोडें तेथेंच पेंड खात होतें. अपघाताचा पुरावा हा बर्फासारखा असतो. दर तासाला तो वितळत जातो. रस्त्यावरील ब्रेकच्या खुणा पावसानें धुवून जातात, गाडी दुरुस्त होते, पानाच्या टपरीवरून सर्व कांहीं पाहिलेला माणूस गांव सोडून जातो. म्हणून पहिल्या दिवसांतले चार कागद पुढच्या चाळीस कागदांहून मोलाचे. पोलिसांतील प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा व नकाशा, मोटार वाहन निरीक्षकानें केलेली गाडीची तपासणी, आणि रुग्णालयांत जखमीला आणतांच डॉक्टरांनीं केलेली नोंद. ही शेवटची नोंद अनेक जण विसरतात. ‘पडून लागलें’ असें तेथें लिहविलें, तर पुढें ‘मोटारीनें ठोकरलें’ हें पटवून देतां देतां नाकीं नऊ येतात. डॉक्टरांना जें घडलें तेंच सांगावें, आणि गाडीचा नंबर ठाऊक असल्यास तोहि लिहवून घ्यावा.

तक्रार उशिरां दिली म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाहीं. घरांतला माणूस मरणाच्या दारीं असतां नातेवाइकांचा जीव पोलिसचौकींत नसतो, हें न्यायालयें जाणतात. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं तसें सांगितलेंहि आहे. परंतु उशिराचें कारण द्यावें लागतें. आमचें कारण काय होतें? मीं लिहिलेला तो कागद! रस्त्यावर किंवा खाटेजवळ केलेली असली तडजोड न्यायाधिकरणाचे हात बांधीत नाहीं. पण ती आपल्याच तोंडून आपल्या हकिगतीवर संशय उत्पन्न करते.

२०२२ पासून पोलिसांवरहि या बाबतींत नवें कर्तव्य आलें आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आंत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांच्या आंत न्यायाधिकरणाकडे जावयास हवा. हे अहवाल मागून घेण्यास संकोच करूं नये.

आणि रस्त्यानें जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठीं दोन शब्द. ‘मदत केली तर साक्षीचें लचांड मागें लागेल’ या भीतीनें लोक पाठ फिरवितात. २०१९ च्या दुरुस्तीनें सद्भावनेनें मदत करणाऱ्याला संरक्षण दिलें आहे; त्याला नांव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करतां येत नाहीं. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि जखमीला पोंचवावें. २०२५ च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेप्रमाणें नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख पैसे न भरतां उपचार मिळूं शकतात.

आतां गणिताच्या मास्तराला आवडणारा भाग : भरपाईचा हिशेब. पूर्वीं प्रत्येक न्यायाधीश आपापल्या अंदाजानें आंकडा ठरवी, आणि सारख्याच दुःखाला दोन गांवीं दोन किंमती येत. २००९ सालीं न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या निकालानें एक पद्धत घालून दिली आणि २०१७ सालीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती पक्की केली. प्रथम वार्षिक उत्पन्न घ्यावयाचें. त्यांत भावी वाढीचा अंश मिळवावयाचा. कायम नोकरी असून वय चाळिसाच्या आंत असेल तर निम्मा, स्वतंत्र धंदा किंवा ठराविक पगार असेल तर शेंकडा चाळीस. वय वाढेल तसा हा अंश उतरत जातो. मृत्यु झाला असेल तर मयताचा स्वतःवरील खर्च वजा करावयाचा. मागें दोन-तीन आश्रित असतील तर एक-तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक-चतुर्थांश. उरलेल्या रकमेस वयाप्रमाणें ठरलेल्या गुणकानें गुणावयाचें. हा गुणक पंधरा ते पंचवीस वर्षांच्या माणसास १८, छत्तीस ते चाळीस वर्षांस १५, शेहेचाळीस ते पन्नास वर्षांस १३, आणि पासष्टीपलीकडे ५.

उदाहरण घ्या. अडतीस वर्षांचा एक धंदेवाला, मासिक प्राप्ति २०,००० रुपये, मागें पत्नी, दोन मुलें आणि आई. वार्षिक प्राप्ति २,४०,०००. शेंकडा ४० वाढ धरून ३,३६,०००. एक-चतुर्थांश वजा जातां २,५२,०००. पंधरानें गुणतां ३७,८०,००० रुपये. याशिवाय अंत्यसंस्कार, वारसा आणि सहवासास मुकणें यांबद्दल ठरीव रकमा मिळतात. त्या दर तीन वर्षांनीं शेंकडा दहानें वाढवावयाच्या आहेत.

हाच माणूस जगला, पण अपंग झाला, तर? तेथें स्वतःच्या खर्चाची वजावट नाहीं, कारण तो जिवंत आहे आणि त्याला खावयास लागतेंच. प्रश्न असा कीं, त्याची कमाईची शक्ति किती गेली? डॉक्टर म्हणतात, हात शेंकडा साठ निकामी. तेवढाच आंकडा घ्यावयाचा काय? २०१० सालच्या निकालांत न्यायमूर्ती रवींद्रन यांनींच याचा सुंदर उलगडा केला आहे. डावा हात तुटलेला कारकून सरकारी नोकरींत राहूं शकेल. पण तोच हात वाहनचालकाचा किंवा सुताराचा गेला, तर त्याची कमाई जवळजवळ शेंकडा शंभर गेली. शरीराची हानि एक, पोटाची हानि दुसरी. आमच्या अडतीस वर्षांच्या माणसाची निम्मी शक्ति गेली असें ठरलें, तर ३,३६,००० गुणिले १५, त्याचे निम्मे, म्हणजे २५,२०,००० रुपये. आणि त्याव्यतिरिक्त औषधोपचार, बुडालेले पगार, पुढील शस्त्रक्रिया व भोगलेल्या यातना यांबद्दल वेगळें. घर सांभाळणाऱ्या गृहिणीच्या श्रमांनाहि किंमत आहे, आणि ती हिशेबांत धरावयाचीच, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० व २०२१ या दोन्ही सालीं बजावलें आहे.

पाहा, या सगळ्या गुणाकाराचा पाया एकच : उत्पन्नाचा आंकडा. तो कागदावर नसेल तर न्यायाधिकरण आपल्या अंदाजानें एक आंकडा धरतें, आणि पायाच आखूड धरला कीं वरची इमारतहि आखूडच उठते.

विम्यासंबंधीं घरोघर एक गैरसमज आहे. ‘गाडीचा विमा आहे’ म्हणजे सर्वांचाच विमा आहे, असें पुष्कळांना वाटतें. कायद्यानें सक्तीचा आहे तो परक्याच्या हानीचा विमा. त्यांत गाडीमालकाची स्वतःची मोडतोड बसत नाहीं, आणि मालक स्वतः जखमी झाला तर तो ‘परका’ ठरत नाहीं. त्याच्यासाठीं पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. खासगी मोटारींत फुकट बसविलेले पाहुणे किंवा स्कूटरवर मागें बसलेला मित्र यांचाहि भार नुसत्या सक्तीच्या विम्यांत सहसा येत नाहीं; त्यासाठीं व्यापक विमा घ्यावा लागतो. चार पैसे वांचविण्याच्या नादांत आपण नेमक्या आपल्याच माणसांना उघड्यावर बसवितों. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेतांना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेतांना पांच वर्षांचा सक्तीचा विमा एकदमच घ्यावा लागतो. पुढील नूतनीकरणाची तारीख मात्र आपणच लक्षांत ठेवली पाहिजे. विमा नसलेल्या गाडीनें अपघात केला तर दंड किरकोळ, पण भरपाईचा सारा बोजा मालकाच्या घरादारावर येतो.

चालकाकडे वैध परवाना नसेल तर विमा कंपनी हात वर करते. परंतु त्यांत जखमीचा दोष काय? म्हणून २००४ सालच्या एका महत्त्वाच्या निकालापासून अनेक प्रकरणांत न्यायालयें असा हुकूम देतात कीं, कंपनीनें प्रथम जखमीला पैसे द्यावे आणि मागाहून मालकाकडून वसूल करावे.

गाडी ठोकरून पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाहीं, तरी दार बंद नाहीं. मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये सरकारी योजनेंतून मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करावयाचा. गाडी ठाऊक असेल, पण चूक सिद्ध करण्याच्या भानगडींत पडावयाचें नसेल, तर मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख अशी ठरीव भरपाई मागतां येते. मात्र सावध असावें. ही ठरीव रक्कम विमा कंपनीकडून रीतसर स्वीकारली कीं, मोठ्या भरपाईचा अर्ज संपुष्टांत येतो. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला, त्यानें मघांचा सदतीस लाखांचा हिशेब आठवूनच सही करावी.

मुदतीचाहि इतिहास ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १९९४ सालीं मुदतीची अट काढून टाकली होती. त्या सवयीनें लोक अजून निर्धास्त असतात. परंतु नव्या नियमाप्रमाणें अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावयाचा आहे. या मुदतीला न्यायालयांत आव्हान दिलें गेलें आहे खरें; तरी त्या भरंवशावर शहाण्यानें राहूं नये. अर्ज अपघाताच्या ठिकाणींच केला पाहिजे असें नाहीं. आपण राहतों किंवा धंदा करतों तेथील न्यायाधिकरणाकडेहि तो करतां येतो.

आमच्या दाव्याचा निकाल २०२२ सालीं लागला. अपघात खरा ठरला तो माझ्या साक्षीनें नव्हे. ज्या चहावाल्यानें पुतण्याला रिक्षांत घालून दवाखान्यांत नेलें, त्यानें टेंपोचा नंबर तळहातावर लिहून घेतला होता, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनीं तो नोंदींत उतरवून ठेवला होता. एका अनोळखी माणसाचा तळहात माझ्या सुंदर अक्षराला पुरून उरला. टेंपोचालकाच्या परवान्याची मुदत संपलेली निघाली. तरी कंपनीनें प्रथम पैसे द्यावे, असा हुकूम झाला. पण पुतण्याला मजुरी रोख मिळे. तिची नोंद कोठेंच नव्हती, आणि कारखानदारानें पत्र देण्यास नकार दिला. न्यायाधिकरणानें धरलेला आंकडा त्याच्या खऱ्या कमाईच्या निम्म्यालाहि पोंचला नाहीं. मालिशीच्या व औषधांच्या कित्येक पावत्या तर मींच दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीला दिल्या होत्या.

पुतण्या आतां खिळे-स्क्रूंचें लहानसें दुकान चालवितो. त्यानें मला कधीं एका शब्दानें दुखविलें नाहीं. त्याचा रंधा मात्र अजून माळ्यावर आहे, आणि तो कोणाला द्यावयाचें तो नांव काढीत नाहीं.

म्हणून श्रोतेहो, शेवटीं माझी विनंती एवढीच. आज घरीं एक लखोटा करा. त्यांत गाडीचें नोंदणीपत्र, विम्याचा कागद, परवान्याची प्रत, आणि घरांतील कमावत्या प्रत्येकाच्या उत्पन्नाचा एक तरी पुरावा ठेवा. आपल्याकडे काम करणाऱ्या मोलकरणीला, माळ्याला, चालकाला पगार देतां तो वहींत लिहा किंवा बँकेंतून द्या. उद्यां त्या नोंदीवर त्यांच्या मुलांचें अन्न ठरूं शकेल. आणि परमेश्वर करो नि प्रसंग न येवो. पण आलाच, आणि कोणी गोड बोलून कागद पुढें केला, तर दया अवश्य करा, क्षमाहि करा. परंतु जखम भरून येईपर्यंत लेखणीला टोपण घालून ठेवा.